हार्बर लाईन : बंदराच्या रुळांपासून गावाच्या वेशीपर्यंत

कोकणातल्या जुन्या माणसांशी बोलायला बसलात, तर भाऊच्या धक्क्याचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. माझ्या आजोबांनी मुंबईत पहिले पाऊल टाकले ते याच धक्क्यावर. डोक्यावर वळकटी, काखेत पिशवी आणि खिशात गावच्या एका माणसाचा पत्ता. बोटीतून उतरून विचारत विचारत ते जवळच्या डॉकयार्ड रोड स्टेशनावर आले. तोवर त्यांनी आगगाडी पाहिली होती ती फक्त शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात, धूर सोडणाऱ्या इंजिनासकट. फलाटावर गाडी आली, पण इंजिन काही दिसेना. आजोबा आम्हाला सांगायचे, "मला वाटलं, इंजिन वाटेतच कुठे सुटलं. आता ही गाडी ओढणार कोण? मी बसलोच नाही. ती गेल्यावर दुसरी आली, तिलाही इंजिन नाही!"

ती हार्बर लाईनची विजेवर चालणारी लोकल होती. आज मी तुम्हाला याच रेल्वेमार्गाची हकीकत सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, शहरातल्या लोकलशी आम्हा खेड्यातल्या माणसांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो चांगला घट्ट आहे. या मार्गावरून आधी आपल्या शेतातला माल गेला, मग आपली माणसे गेली, आणि शेवटी हा मार्ग आपल्या शेतांतूनच पुढे गेला. तो कसा, ते आपण क्रमाने पाहू.

आपल्या देशातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्यास गेली, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पुढे हे रूळ घाट चढून वर गेले. वऱ्हाडातला आणि खानदेशातला कापूस मुंबईला येऊ लागला आणि तिथून जहाजांनी विलायतेस जाऊ लागला. मालाचा ओघ वाढला, तसे बंदरही वाढवावे लागले. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८८० साली प्रिन्सेस डॉक ही मोठी गोदी सुरू झाली, मग व्हिक्टोरिया डॉक, आणि १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक, ज्याला आज इंदिरा डॉक म्हणतात. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र हटवून, भराव घालून नवी जमीन तयार केली गेली. त्या जमिनीवर गोदामे उभी राहिली.

आता गोदामे पूर्व किनाऱ्याला आणि रेल्वेचा मुख्य रस्ता शहराच्या मधून. तेव्हा किनाऱ्यालगत वेगळा फाटा हवा होता. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या जीआयपीने, कुर्ल्यापासून रे रोडपर्यंत असा फाटा घातला आणि १९१० साली तो सुरू झाला. हार्बर म्हणजे बंदर. बंदराकडे जाणारा फाटा म्हणून ही हार्बर शाखा. पाच वर्षांनी, १९१५ साली, पोर्ट ट्रस्टची स्वतःची मालवाहू रेल्वेही चालू झाली.

या मार्गावर कॉटन ग्रीन नावाचे स्टेशन आहे. ग्रीन म्हणजे हिरवा, एवढे इंग्रजी आपल्याला येते, म्हणून पुष्कळांना वाटते की तिथल्या कुठल्या हिरव्या इमारतीवरून हे नाव पडले असावे. परंतु इथे ग्रीन याचा अर्थ गवताचे मोकळे मैदान असा आहे. पूर्वी कोटातल्या मोकळ्या मैदानावर कापसाच्या गासड्या रचून सौदे होत. तो बाजार पुढे कुलाब्यास गेला आणि नंतर शिवडीकडे आला. बाजार हलला, तसे नावही त्याच्याबरोबर हलत आले. यवतमाळच्या किंवा जळगावच्या शेतकऱ्याने पिकवलेल्या कापसाची खूण अशी मुंबईच्या एका स्टेशनाच्या नावात शिल्लक आहे. त्या शेतकऱ्याचे नाव मात्र कुठे नाही. स्टेशनांना नावे मिळाली ती गव्हर्नरांची : लॉर्ड रे यांच्यावरून रे रोड, लॉर्ड सँडहर्स्ट यांच्यावरून सँडहर्स्ट रोड.

मालाच्या मागोमाग माणसे आली. गोदीत ओझी उचलायला, गिरणीत साचे चालवायला कोकणातून आणि घाटावरून हजारो लोक मुंबईत आले. त्यांना रोज कामावर नेणारी गाडी हवी होती. पण कोळशाच्या इंजिनाला शहरातली धावपळ मानवत नाही. दर दीड-दोन किलोमीटरवर थांबायचे आणि पुन्हा वेग घ्यायचा, हे त्याला जड जाते. शेवटच्या स्टेशनावर इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडावे लागते, त्यात वेळ मोडतो. शिवाय भर वस्तीत धूर होतो तो वेगळाच.

यावर उपाय निघाला तो विजेचा. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरून, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून, कुर्ल्यापर्यंत चार डब्यांची विजेची गाडी हार्बर मार्गाने धावली. भारतातली ही पहिली विजेची आगगाडी. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तिचा प्रारंभ झाला. रे रोडपाशी अडलेला फाटा टर्मिनसपर्यंत नेण्यासाठी दाट वस्तीतून जमिनीच्या वर उंच पूल उभारावा लागला. म्हणून सँडहर्स्ट रोड स्टेशनात आजही खाली मुख्य मार्गाची गाडी येते आणि जिना चढून गेले की डोक्यावर हार्बरची.

या गाडीची रचना समजून घेण्यासारखी आहे. गाडीवरून तार जाते. त्या तारेत १५०० व्होल्ट दाबाची वीज होती. छपरावरचा सांगाडा तारेला टेकून वीज खाली घेतो आणि डब्याखाली बसवलेल्या मोटारी चाके फिरवतात. ओढणारे यंत्र असे डब्याच्या पोटातच असल्यामुळे वेगळे इंजिन लागत नाही. माझ्या आजोबांना न दिसलेले इंजिन ते हेच! गाडीच्या दोन्ही टोकांना चालकाची खोली असते. शेवटच्या स्टेशनावर मोटरमन या टोकाकडून त्या टोकाला चालत जातो आणि गाडी लगेच उलट निघते. सुटताना वेगही झटकन येतो. एका मार्गावर थोड्या थोड्या वेळाने गाड्या सोडणे त्यामुळे शक्य झाले आणि कामावरून दूर राहणाऱ्याला वेळेवर कामावर पोचता येऊ लागले. एरवी कामगाराला गिरणीच्या नाहीतर गोदीच्या आसपासच्या चाळीतच राहावे लागे.

स्वातंत्र्यानंतर मुंबईची वस्ती भराभर वाढली. हार्बर लाईन मानखुर्दपर्यंत पोचली होती, पण पुढे ठाण्याची खाडी. खाडीच्या अलीकडे गर्दी मावत नव्हती. पलीकडे भातशेती होती, मिठागरे होती, खाजणे होती आणि आगरी, कोळी, कराडी लोकांची जुनी गावे होती. १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे जोड शहर वसवण्याची कल्पना मांडली. सरकारला ती पटली. १९७० साली सिडको हे महामंडळ स्थापन झाले. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतली ९५ गावे नव्या शहराच्या आराखड्यात आली. आराखड्याचे क्षेत्र ३४४ चौरस किलोमीटर.

१९७३ साली वाशीच्या खाडीवर रस्त्याचा पूल झाला, परंतु शहर काही झपाट्याने भरेना. माणसे घर घेताना आधी विचारतात, "लोकल आहे का?" लोकल नव्हती. पूल झाल्यावर तब्बल एकोणीस वर्षे गेली. शेवटी ९ मे १९९२ रोजी मानखुर्द ते वाशी ही रेल्वे खाडी ओलांडून सुरू झाली. १९९३ साली ती नेरूळ आणि बेलापूरपर्यंत गेली आणि १९९८ साली पनवेलला पोचली. त्याच साली कोकण रेल्वेही पूर्णपणे सुरू झाली. ज्या कोकणी माणसाचे आजोबा बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरले, तो आता पनवेलला उतरून त्याच हार्बर लाईनने मुंबईत जाऊ लागला. टर्मिनसपासून पनवेलपर्यंत हा मार्ग आता सुमारे ४९ किलोमीटरांचा झाला आहे.

शिक्षकमित्रहो, इथपर्यंतची हकीकत सनावळीत सापडते. आता जे सांगतो त्याकडे जरा लक्ष द्यावे. या नव्या रेल्वेचा पैसा कुठून आला? खर्चाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग सिडकोने उचलला आणि एक-तृतीयांश रेल्वेने. बरं, सिडकोकडे पैसा कुठून आला? मुख्यतः भूखंड विकून. आणि भूखंड कुठले? सरकारने शेतकऱ्यांकडून संपादन केलेल्या जमिनींचे. म्हणजे हिशेब असा झाला, की भाताची खाचरे आणि मिठागरे घेतली, त्यांचे भूखंड पाडले, त्यांच्या विक्रीतून पूल आणि रूळ झाले. रूळ आले म्हणून भूखंडांची किंमत आणखी वाढली. किमतीतली ही वाढ ज्याची जमीन गेली त्याच्या पदरात पडत नव्हती. त्याला मोबदला मिळाला होता तो शेतजमिनीच्या भावाने.

यातूनच असंतोष वाढला. शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासईच्या परिसरात पोलिसांचा गोळीबार झाला. त्यात पाच जण मृत्युमुखी पडले. त्या आंदोलनाची परिणती म्हणून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याची योजना आली. विकासात जमीनमालकाचाही वाटा असतो, हे तत्त्व त्यामुळे मान्य झाले. अंमलबजावणीत पुष्कळांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले, हेही तितकेच खरे.

मला रेल्वेच्या विरुद्ध बोलायचे आहे असे कृपा करून समजू नये. मी स्वतः याच मार्गाने प्रवास करतो आणि माझे विद्यार्थीही करतात. ज्या गावांतून पूर्वी कॉलेजला जायचे म्हणजे मुंबईत नातेवाइकाकडे पथारी टाकावी लागे, तिथली मुलगी आज सकाळी डबा घेऊन निघते आणि संध्याकाळी घरी परत येते. नाशिकचा कांदा, साताऱ्याचा भाजीपाला ज्या वाशीच्या बाजारात उतरतो, तिथला हमाल आणि दिवाणजी याच लोकलने ये-जा करतात. एवढे सारे रुळांनी दिले. माझे म्हणणे इतकेच, की देणाऱ्याचे नाव हिशेबात असावे.

गेल्या वर्षी वर्गात हा विषय चालला असता एक विद्यार्थिनी उभी राहिली. म्हणाली, "सर, आमच्या आजोबांचं मिठागर होतं, तिथे आता स्टेशन आहे. पण आजोबांना कुणी विचारलंच नाही की मीठ कसं पिकायचं." वर्ग गप्प झाला. मीही झालो, कारण मीही तोवर विचारले नव्हते. पुढच्या आठवड्यात ती आजोबांनाच घेऊन आली. म्हातारबुवांनी फळ्यावर खडूने आगराचे वाफे काढून दाखवले, भरतीचे पाणी कुठून घ्यायचे आणि कुठे अडवायचे ते सांगितले. इतकी वर्षे शिकवतो आहे, पण इतका रंगलेला तास मला आठवत नाही.

नव्या मार्गावरच्या स्टेशनांची नावे पाहा : वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर, खारघर. ही सारी गावांचीच नावे. जुन्या हार्बरवर गव्हर्नर होते, नव्या हार्बरवर गावे आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. पण नुसते नाव राहून भागत नाही. त्या नावामागे कोणती शेते होती, कोणती माणसे होती, हे पुढच्या पिढीला कळले पाहिजे.

१९२५ साली सुरू झालेला तो १५०० व्होल्टचा प्रवाह हार्बर मार्गावरून एप्रिल २०१६ मध्ये निघाला आणि तिथे २५,००० व्होल्टचा आला. एक पर्व संपले. जानेवारी २०२४ मध्ये हार्बर कुटुंबातला आणखी एक फाटा नेरूळ-बेलापूरकडून थेट उरणला पोचला. जासईच्या गोळीबाराला त्याच महिन्यात बरोबर चाळीस वर्षे पूर्ण झाली. ज्या तालुक्यात जमिनीच्या भावासाठी माणसे पडली, त्या तालुक्यात लोकल आली.

श्रोतेहो, तुमच्या गावावरून हार्बर लाईन जात नसेल. पण कुठला तरी रस्ता, कुठला तरी कालवा, कुठले तरी धरण किंवा विजेची लाईन जात असेलच. शिक्षकांना माझी विनंती आहे, की मुलांना एक काम द्यावे. गावातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाकडे त्यांनी जावे आणि विचारावे, "आजोबा, आजी, हे यायच्या आधी इथे काय होतं? कुणाचं होतं? त्यांना काय मिळालं?" मिळेल ते उत्तर वहीत लिहून ठेवावे. उद्घाटन कुणी केले ते शोधायला अडचण पडत नाही, त्यासाठी कोनशिला असते. बाकीचे सारे त्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे, आणि ती माणसे आहेत तोवरच ते विचारून घ्यायला हवे.