काल्याचे उष्टे: प्रेमविचाराची एक कसोटी

मराठी भक्तिविचारात अन्न हे प्रेमाचे केवळ उपमान नाही. प्रेमाचे स्वरूप काय, हा प्रश्नच तेथे अनेकदा अन्नाच्या भाषेत विचारला गेला आहे. ‘काला’ ही संकल्पना याचे ठळक उदाहरण होय.

मूळ कथा भागवताच्या दशम स्कंधातील. यज्ञाचा भोक्ता कृष्ण यमुनाकाठी गोपाळांच्या मधोमध बसून त्यांच्यासह जेवतो. मराठी अभंगपरंपरेने या प्रसंगाला आपले वळण दिले. काल्याचे उष्टे कण मिळावेत म्हणून स्वर्गीचे देव मासे होऊन यमुनेत येतात; तरीही ते त्यांना लाभत नाहीत. या कल्पनेचा तात्त्विक आशय महत्त्वाचा आहे. हविर्भाग देवांना अधिकाराने मिळतो. उष्टे अधिकाराने मागता येत नाही. हवी शुद्धच असावा लागतो. उष्टे तर व्याख्येनेच अशुद्ध. शुद्धीची अट जेथे गळते तेथेच प्रेमाचा आरंभ होतो, असा हा सिद्धान्त आहे.

सिद्धान्त आणि आचार यांत मात्र अंतर राहिले. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होत असे, आजही होतो. पण पंढरीच्या मंदिराचे दार अस्पृश्यांसाठी उघडण्यास १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. उत्सवातला काला रोजच्या पंगतीपर्यंत पोहोचला नव्हता.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या परमहंस सभेने (१८४९) हेच अंतर दुसऱ्या बाजूने ओलांडू पाहिले. तिचे सभासद जातिनियमांना निषिद्ध अन्न एकत्र खात, परंतु गुप्तपणे. नावे उघड होण्याच्या भयाने १८६०च्या सुमारास सभा विस्कटली. गोपाळ प्रेमात नियम विसरतो. सभासद नियम मोडण्यासाठी खातो. पहिल्यात समाज बदलण्याचा हेतू नाही, दुसऱ्यात समाजासमोर येण्याचे बळ नाही.

१९३६ साली प्रसिद्ध केलेल्या जातिनिर्मूलनविषयक भाषणात डॉ. आंबेडकरांनी सहभोजनाची मर्यादा स्पष्टपणे दाखवली. सहभोजनाने जातिभावना मरत नाही. खरा उपाय आंतरजातीय विवाह, आणि त्याआड येणाऱ्या शास्त्रप्रामाण्याचा नाश, असे त्यांचे प्रतिपादन होते. येथे अन्नाचा प्रश्न पुन्हा प्रेमाच्या प्रश्नापाशी येतो. शुद्धीची अट गळावी, हे काल्याने सांगितले होते. ती एका घासापुरती गळते की आयुष्यभरासाठी, हा प्रश्न काल्याने विचारला नव्हता. आंबेडकरांनी तो विचारला, आणि काल्याची खरी कसोटी तीच आहे.