तंजावर बघायला गेलात तर मोठ्या देवळातून लगेच निघू नका; तिथली एक भिंत मराठी बोलते

तंजावरला जाणारे बहुतेक पर्यटक तिरुचिरापल्लीहून सकाळी निघतात. तासाभराचा प्रवास, बृहदीश्वर मंदिरात दीड तास, नंदीसमोर फोटो, डोलणारी बाहुली विकत घ्यायची आणि संध्याकाळी कुंभकोणम किंवा मदुराई. महाराष्ट्रातून निघणाऱ्या दक्षिण भारत टूरमध्येही तंजावरच्या वाट्याला साधारण एवढंच येतं.

पण ज्या देवळात हा दीड तास जातो, त्याच देवळाच्या आवारात भोसले घराण्याचा इतिहास दगडात कोरलेला आहे. तोही देवनागरीत आणि मराठीत. तो न बघताच अनेक मराठी माणसं बसमध्ये जाऊन बसतात.

आधी चोळ, मग नायक, मग मराठे

तंजावर एकदा नव्हे, तीनदा राजधानी झालं. नवव्या शतकाच्या मध्यात विजयालय चोळाने ते जिंकलं. पुढे राजराजा पहिला याने इथे शिवाचं प्रचंड देऊळ बांधलं, ते १०१० मध्ये पूर्ण झालं. गंमत म्हणजे त्याच्याच मुलाने, राजेंद्राने, राजधानी गंगैकोंडचोळपुरमला हलवली. सोळाव्या शतकात नायक राजे आले. १६७३ मध्ये मदुराईच्या नायकांनी तंजावरच्या नायकांचा पराभव केला आणि त्या गोंधळात विजापूरच्या आदिलशहाने आपला सरदार पाठवला. तो सरदार म्हणजे शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजेच एकोजी. त्यांनी तंजावर घेतलं आणि स्वतःच गादीवर बसले.

१६७७ मध्ये दक्षिण मोहिमेवर असताना शिवाजी महाराजांनी कोल्लिडम नदीकाठी तिरुमळवाडीला या भावाची भेट घेतली. वडिलांच्या दौलतीतला वाटा हा विषय होता. बोलणी फिसकटली आणि व्यंकोजी रातोरात तिथून निघून गेले. तरीही तंजावरची गादी त्यांच्या वंशजांकडे १८५५ पर्यंत राहिली.

देवळात काय बघाल?

सकाळी लवकर जा. दुपारी साधारण साडेबारा ते चार दर्शन बंद असतं आणि अनवाणी चालायचं असल्याने दहा-अकरानंतर फरशी पाय भाजते. देवळात जायला तिकीट नाही.

पहिलं प्रवेशद्वार मराठा काळातलं आहे, त्यामागची दोन गोपुरं चोळांची. समोरचा अखंड दगडातला नंदी नायकांच्या काळातला. आणि मग सुमारे ६६ मीटर उंचीचं, तेरा मजल्यांचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर. दक्षिणेतल्या इतर देवळांत गोपुरं उंच आणि विमान बुटकं असतं. इथे उलट आहे.

या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही, असं एखादा गाइड सांगेल. सावली पडते. दुपारी उशिरा आवारात उभं राहिलात तर त्याच सावलीत बसलेली माणसं दिसतील.

सावलीपेक्षा पायथ्याचे लेख जास्त थक्क करणारे आहेत. विमानाच्या तळाशी सगळीकडे तमिळ अक्षरं कोरलेली आहेत. देवाला कोणी किती सोनं दिलं, कुठल्या दागिन्याचं वजन किती, दिव्यांसाठी तुपाची सोय कोणी करायची, सगळं त्यात नोंदवलेलं आहे. देवळाच्या सेवेसाठी आणलेल्या सुमारे ४०० नर्तकींची नावंही आहेत, आणि प्रत्येकीला कोणत्या गल्लीतलं कितवं घर दिलं तेही. हजार वर्षांपूर्वीचं हे दप्तर लोकांच्या नजरेसमोर, उघड्यावर ठेवलेलं आहे.

गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात चोळकालीन भित्तिचित्रं आहेत. नायकांनी त्यांच्यावर नवी चित्रं काढली होती, त्यामुळे १९३१ पर्यंत खालची कोणाला माहीतही नव्हती. हा भाग सर्वांसाठी खुला नाही. आवारातल्या माहिती केंद्रात त्यांची कल्पना येते.

आणि ती मराठी भिंत

मुख्य देऊळ बघून झालं की आवाराच्या नैऋत्य कोपऱ्याकडे चाला. तिथे गणपतीचं छोटं देऊळ आहे. त्याच बाजूच्या प्राकाराच्या भिंतीवर, खांबांच्या ओवरीत, देवनागरी ओळींची रांगच्या रांग दिसते. हाच 'भोसले वंश चरित्र' शिलालेख. सरफोजी राजे दुसरे यांच्या आज्ञेवरून त्यांचे चिटणीस बाबूराय यांनी तो लिहिला आणि १८०३ मध्ये तो कोरला गेला. जगातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांमध्ये त्याची गणना केली जाते. भोसल्यांच्या पूर्वजांपासून शहाजीराजे, शिवाजी महाराज, व्यंकोजी आणि खुद्द सरफोजींपर्यंतची हकिगत त्यात आहे.

१८०३ हे साल महत्त्वाचं आहे. सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने करार करून राज्यकारभार काढून घेतला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला, वाडा आणि तनखा. म्हणजे हा विजयाचा लेख नाही. राज्य गेल्यानंतर चार वर्षांनी एका राजाने, आपण कोण आणि कुठून आलो हे, चोळांनी आपलं दप्तर जिथे कोरलं त्याच देवळात कोरून ठेवलं.

भाषा दोनशे वर्षांपूर्वीची आहे, शब्द सलग कोरलेले आहेत. पहिल्या ओळीला अडखळायला होतं. पण 'राजे', 'भोसले' असे शब्द सापडायला लागले की नजर बसते. हात लावू नका, मोबाइलचा टॉर्चही तिरका धरला तर अक्षरं जास्त स्पष्ट दिसतात.

वाड्यात अर्धा दिवस ठेवा

देवळापासून वाडा साधारण दीड किलोमीटरवर आहे. चालत गेलात तर रस्त्यांची नावं वाचत जा. 'रॅम्पार्ट' नावाचे रस्ते जुन्या तटबंदीची खूण आहेत आणि मानोजीअप्पा वीधी हा रस्ता मराठा सेनानीच्या नावाने आहे.

वाडा नायकांनी बांधला, मराठ्यांनी वाढवला. आतल्या भागांची तिकिटं वेगवेगळी आहेत, त्यामुळे पहिल्याच खिडकीवर नीट विचारून घ्या. काही भिंतींचे पोपडे निघालेत, फलक जुने आहेत, आणि मोठ्या देवळाची भव्यता डोळ्यांत असताना हे सगळं जरा उदास वाटू शकतं. तरी मराठा दरबाराच्या रंगीत खांबांखाली थोडं थांबा. कलादालनात चोळांची ब्राँझ शिल्पं आहेत. त्यातला तिरुवेंगाडूचा वृषभवाहन शिव चुकवू नये. डोक्याला सापांचं मुंडासं, आणि एक हात बैलावर टेकलेला. बैल मात्र आज नाही. शिव गेली हजार वर्षं त्याच निवांतपणे उभा आहे. वाड्यात एका देवमाशाचा सांगाडाही आहे, मुलं सोबत असतील तर तोच हिट ठरतो.

याच वाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायकांच्या काळापासूनचा हा संग्रह सरफोजींनी कैक पटींनी वाढवला. काशीयात्रेला गेले तेव्हाही त्यांनी पोथ्या जमवल्या. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ हे त्यांचे शिक्षक, त्यामुळे युरोपातली पुस्तकंही आली. वाड्यात देवनागरी छापखाना होता आणि तिथून १८०६ मध्ये इसापनीतीचं मराठी रूप 'बालबोध मुक्तावली' छापून निघालं. म्हणजे मराठीतली अगदी सुरुवातीची छापील पुस्तकं जिथे तयार झाली, त्या गावांत तंजावर आहे. नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची चित्रं काढून ठेवलेली टिपणंही इथे जपली आहेत.

१८५५ मध्ये शिवाजी राजे दुसरे पुत्राविना वारले. कंपनीने संस्थान खालसा केलं आणि खासगी मालमत्तेसह वाड्यालाही सील ठोकलं. राणी कामाक्षीबाईसाहेब कोर्टात गेल्या. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला आणि १८५९ मध्ये त्या हरल्या. हे सरकारचं राजकीय कृत्य आहे, कोर्ट त्यात पडू शकत नाही, असं उत्तर मिळालं. पुढे खासगी मालमत्ता परत मिळाली आणि १९१८ मध्ये ग्रंथालय लोकांसाठी खुलं झालं.

पर्यटकांना ग्रंथालयाचं छोटं संग्रहालय बघता येतं. मूळ पोथ्या अभ्यासकांसाठी आहेत. त्यात तीन हजारांवर मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदांचे शेकडो गठ्ठे आहेत. त्यांना आज अडचण आहे ती वाचणाऱ्यांची. तमिळनाडूत मोडी येणारे मोजके, आणि महाराष्ट्रात मोडी शिकणारे तंजावरपर्यंत क्वचितच जातात.

सांबार इथलंच का?

संभाजीराजांच्या पाहुणचारात आमसुलं संपली, चिंच घातली आणि सांबार जन्मलं, ही गोष्ट तंजावरच्या नावावर खपते. तिला समकालीन पुरावा नाही. चवीने ऐका आणि सोडून द्या.

खरा वारसा वेगळाच आहे. सरफोजींच्या दरबारातल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा आजचा क्रम बसवला. मराठी कीर्तनातून तमिळ हरिकथा घडली, तिच्यात साकी, दिंडी, ओवी आजही गायल्या जातात. आणि तंजावर मराठी बोलणारी कुटुंबं इथे अजून आहेत.

डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस जोरात असतो. ग्रंथालयाच्या संग्रहालयाला साप्ताहिक सुट्टी असते, दुपारीही काही वेळ ते बंद असतं, त्यामुळे वार आणि वेळ आधी विचारून घ्या. एक मुक्काम केलात तर संध्याकाळी पुन्हा देवळात जाता येतं. दगड निवलेला असतो, गावातले लोक पोराबाळांना घेऊन येऊन बसतात. भिंतीवरची मराठी वाचायची असेल तर मात्र उजेड असेपर्यंतच पोचा.