गाडी नाही, इन्कम टॅक्स नाही, विमानतळ नाही : पाचशे माणसांचं सार्क बेट स्वतःचा कारभार चालवतं तरी कसं?

सार्क म्हटलं की आपल्याला आठवते ती शिखर परिषद. आठ देशांचे नेते, हस्तांदोलन आणि ग्रुप फोटो. पण आजचा विषय त्या सार्कचा नाही.

हे सार्क म्हणजे एक बेट आहे. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या खाडीत, फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यापासून साधारण ४० किलोमीटरवर. क्षेत्रफळ साडेपाच चौरस किलोमीटरच्याही आत. लोकवस्ती पाचशे-साडेपाचशे. आपल्याकडे एवढ्या लोकांची एखादी हाउसिंग सोसायटी असते आणि तिची वार्षिक सभाही धड पार पडत नाही.

या पाचशे लोकांची मात्र स्वतःची संसद आहे, स्वतःचं न्यायालय आहे, स्वतःचे कर आहेत. आणि २००८ पर्यंत तिथं सरंजामशाही होती. युरोपातली शेवटची सरंजामशाही, असं तिचं वर्णन केलं जायचं.

आता ही भानगड नेमकी काय, ते बघू.

आधी भूगोल. सार्क हे समुद्रातून सरळ वर आलेलं पठार आहे. चहूबाजूंनी कडे आणि वर सपाटी. सगळ्यात उंच जागा ११४ मीटरवर, तिथं १५७१ सालची पवनचक्की आहे. बेटाचे दोन भाग, मोठं सार्क आणि धाकटं सार्क. दोघांना जोडते ती ला कूपे नावाची खडकाची अरुंद धार. रुंदी जेमतेम तीन मीटर आणि दोन्ही बाजूंना ८० मीटर खोल दरी. पूर्वी इथं कठडेही नव्हते. वारा सुटला की धाकट्या सार्कची पोरं शाळेला जाताना ही वाट रांगत पार करायची, असं तिथले लोक सांगतात. आजचा काँक्रीटचा रस्ता १९४५ चा. तो बांधला जर्मन युद्धकैद्यांनी. जर्मन तिथं कसे पोचले, ते पुढे येतंच.

बेटावर मोटारींना बंदी आहे. चालायचं, सायकल चालवायची, नाहीतर घोडागाडी. ट्रॅक्टर चालतो, पण त्याला परवाना लागतो. ॲम्ब्युलन्स ट्रॅक्टरला जोडतात आणि अग्निशमनाचा बंबही ट्रॅक्टरच ओढतो. रस्ते कच्चे, रस्त्यावर दिवे नाहीत. त्यामुळे रात्री आकाश असं दिसतं की २०११ मध्ये सार्कला जगातलं पहिलं ‘डार्क स्काय आयलंड’ म्हणून मान मिळाला.

आता मूळ मुद्दा, सत्तेचा.

सोळाव्या शतकात हे बेट ओसाड पडलं होतं. ओसाड बेट म्हणजे चाच्यांना आयता अड्डा, आणि शेजारी फ्रान्स टपलेला. त्यावर इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीनं १५६५ मध्ये तोडगा काढला. शेजारच्या जर्सी बेटावरचा एक सरदार होता, हेलियर द कार्टरे. त्याला तिनं सार्क वंशपरंपरेनं देऊन टाकलं. अट एकच. बेटावर कायम किमान ४० हत्यारबंद माणसं राहिली पाहिजेत.

हे ऐकून आपल्याला काही वेगळं वाटायचं कारण नाही. अमुक इतकी फौज बाळगायची आणि त्या बदल्यात मुलुखाचा वसूल खायचा, याला मराठेशाहीत सरंजाम म्हणायचे. सरंजामशाही हा शब्द तिथूनच आला. सार्कचा सरंजाम फक्त साडेपाच चौरस किलोमीटरचा होता, एवढाच फरक.

कार्टरेनं बेटाचे ४० तुकडे पाडले आणि ४० कुटुंबं वसवली. प्रत्येकाकडे एक तुकडा, आणि त्या तुकड्यामागे बंदूक घेऊन उभा राहणारा एक माणूस. बेटाच्या मालकाला म्हणायचं सेन्यर. मालक बाई असेल तर डेम. सेन्यर राजघराण्याला वर्षाकाठी जो खंड भरतो, तो आजच्या हिशेबात १ पौंड ७९ पेन्स होतो. दोनशेच्या आसपास रुपये. एवढ्यात पुण्यात दोघांची मिसळसुद्धा जेमतेम होते.

त्या बदल्यात सेन्यरचे हक्क बघा. बेटावर कुठलीही जमीन विकली गेली की किमतीचा तेरावा हिस्सा सेन्यरला. कबुतरं पाळायचा हक्क फक्त सेन्यरला. नसबंदी न केलेली कुत्री पाळायचा हक्कही फक्त सेन्यरला. कोकणातल्या खोतांचे किस्से ऐकलेल्यांनाही हा कुत्र्याचा कायदा नवीनच असेल.

आणि ही गादी एकाच घराण्यात टिकली असंही नाही. ती विकताही यायची, गहाणही टाकता यायची. एकोणिसाव्या शतकात धाकट्या सार्कमध्ये चांदीची खाण निघाली. तेव्हाच्या ल पेले घराण्यानं तिच्यात पैसा ओतला, खाण बुडाली, बेट गहाण पडलं आणि १८५२ मध्ये ते कॉलिंग्ज घराण्याकडे गेलं. आजचे सेन्यर क्रिस्टोफर बोमाँ त्याच वंशातले. त्यांची पणजी म्हणजे डेम सिबिल हॅथवे, सार्कच्या इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं नाव.

सिबिलबाईंनी १९२७ ते १९७४ अशी ४७ वर्षं बेट सांभाळलं. त्यातली पाच वर्षं जर्मनांच्या ताब्यात गेली. १९४० च्या जुलैमध्ये जर्मन आले तेव्हा बाई बंदरावर गेल्या नाहीत. घरातच बसल्या आणि अधिकाऱ्यांना भेटायला घरी यावं लागलं. बाईंना जर्मन उत्तम येत होतं. पुढे ऑक्टोबर १९४२ मध्ये ब्रिटिश कमांडोंनी बेटावर छापा घातला. त्यात हात बांधलेले जर्मन कैदी मारले गेले. हिटलर इतका भडकला की त्याच महिन्यात त्यानं पकडलेल्या कमांडोंना जागेवर ठार मारायचा हुकूम काढला. बेटावरच्या लोकांनाही किंमत मोजावी लागली. अनेकांना जर्मनीतल्या छावण्यांत नेलं, त्यात सिबिलबाईंचे पतीही होते. १९४५ च्या मे महिन्यात सुटका झाली, पण ब्रिटिशांकडे तिथं ठेवायला पुरेसे सैनिक नव्हते. मग आठवडाभर २७५ जर्मन सैनिक सिबिलबाईंच्या हुकमतीखाली राहिले. साठी ओलांडलेल्या बाईंनी त्यांना कामाला लावलं.

हल्ल्याचा विषय निघालाच आहे तर अजून एक. १९९० मध्ये एक बेकार फ्रेंच अणुशास्त्रज्ञ बंदूक घेऊन एकटाच बेटावर उतरला. उद्या दुपारी बारा वाजता मी बेट ताब्यात घेणार, अशी पत्रकंच त्यानं लावली. दुसऱ्या दिवशी तो बाकावर बसून बारा वाजायची वाट बघत होता. बेटाचा हौशी पोलीस त्याच्याशेजारी गेला आणि बंदुकीचं कौतुक करायला लागला. गडी खूश होऊन मॅगझीन बदलायला लागला, आणि पोलिसानं त्याला तिथंच आडवा केला.

तर, परत कारभाराकडे.

सार्कच्या संसदेचं नाव चीफ प्लीज. जुन्या पद्धतीत यात त्या ४० तुकड्यांचे मालक आपोआप सभासद असायचे. जमीन आहे म्हणून खुर्ची आहे. १९२२ पासून लोकांनी निवडलेले १२ प्रतिनिधी त्यात आले. म्हणजे ४० विरुद्ध १२. त्यात सेनेशल नावाचा अधिकारी संसदेचा अध्यक्षही असायचा आणि न्यायाधीशही. कायदा करताना तोच, निवाडा करतानाही तोच.

हे सगळं शांतपणे चाललं होतं. मग १९९३ मध्ये डेव्हिड आणि फ्रेडरिक बार्कले हे जुळे ब्रिटिश अब्जाधीश आले. पुढे ‘टेलिग्राफ’ वृत्तपत्र विकत घेणारे तेच हे. त्यांनी सार्कला अगदी खेटून असलेलं ब्रेकू नावाचं चिमुकलं बेट घेतलं आणि त्यावर किल्ल्यासारखा वाडा बांधला. ब्रेकूवर सार्कचाच कायदा चालतो. त्या कायद्यानुसार सगळी मिळकत थोरल्या मुलाला जायची आणि मुलींचा नंबर मुलगे संपल्यावर लागायचा. बार्कले बंधू कोर्टात गेले. १९९९ मध्ये सार्कनं वारसा कायदा बदलला.

पण वाद थांबला नाही. युरोपच्या मानवी हक्क करारापुढे जमिनीवर मिळणारी खुर्ची टिकणार नाही, हे दिसायला लागलं होतं. बेटावरच दोन तट पडले. शेवटी २००८ मध्ये चीफ प्लीजनं स्वतःच कायदा केला आणि लंडनमधून त्यावर शिक्कामोर्तब झालं. आता २८ सभासद, सगळे निवडून आलेले. १० डिसेंबर २००८ ला पहिली खरी निवडणूक झाली. १५६५ पासून मोजलं तर ४४३ वर्षांनी.

इथं खरा ट्विस्ट आहे. बार्कले बंधूंनी तोवर बेटावर हॉटेलं, दुकानं, जमिनी घेऊन ठेवल्या होत्या. सेन्यरच्या बाजूचे उमेदवार निवडून देऊ नका, असा त्यांच्या बाजूनं उघड प्रचार होता. लोकांनी नेमके तेच बहुसंख्येनं निवडून दिले. निकाल लागला आणि बार्कलेंच्या कंपन्यांनी बेटावरचे धंदे बंद करून टाकले. ख्रिसमस दोन आठवड्यांवर आणि शंभराहून जास्त लोक घरी बसले. सहाशेच्या बेटावर शंभर! बेकार भत्ता नावाची गोष्ट तिथं नव्हती. काही आठवड्यांनी बरेच धंदे पुन्हा सुरू झाले, पण गावात पडलेली फूट मात्र पुढची कित्येक वर्षं राहिली.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंना थोडं खरं होतं. वारसा आणि मतदानाचे जुने कायदे अन्यायाचे होते, यात वाद नाही. पण एका जमीनमालकाची सत्ता मोडायला निघालेले लोक मतपेटीवर रागावून दुसरेच जमीनमालक झाले, हेही तितकंच खरं.

आज सेन्यरकडे मुख्यतः मान उरलाय. जमीनविक्रीतला तेरावा हिस्सा बंद झाला. सेनेशल फक्त न्यायाधीश राहिला आणि सभागृहाला वेगळा अध्यक्ष मिळाला. २००९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं या नव्या व्यवस्थेतलं सेन्यरचं स्थान मान्यही केलं.

सार्क ब्रिटनचा भाग आहे का? तर नाही. ते राजघराण्याच्या अखत्यारीतलं आहे. गर्न्सी, ऑल्डर्नी आणि सार्क यांचा मिळून एक गट होतो आणि तिघांचं कायदेमंडळ वेगवेगळं. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार ब्रिटन बघतं. फौजदारी कायदे बहुतेक गर्न्सीचे. बेटावर १८५६ सालचा तुरुंग आहे, दोन कोठड्यांचा. कुणी जास्तच उच्छाद मांडला तर त्याला बोटीत बसवून गर्न्सीला धाडतात.

एक जुना नॉर्मन कायदा मात्र अजून जिवंत आहे. कुणी तुमच्या जमिनीवर भिंत घालायला लागलं तर साक्षीदारांसमोर गुडघे टेकायचे, तीनदा ‘हारो’ म्हणून राजाला हाक मारायची आणि फ्रेंचमध्ये प्रार्थना म्हणायची. तेवढ्यानं समोरच्याला काम थांबवावंच लागतं, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत. स्टे ऑर्डरसाठी वकिलाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांनी यावर काय बोलावं!

बेटावर इन्कम टॅक्स नाही, व्हॅट नाही. मालमत्तेवर आणि व्यक्तीच्या ऐपतीवर कर आहे. याच सवलतीमुळे विसाव्या शतकाच्या शेवटी इथले साधे लोक कागदोपत्री हजारो बाहेरच्या कंपन्यांचे संचालक झाले होते. नाव लावायचे पैसे मिळायचे. पुढे तो प्रकार बंद करण्यात आला.

करमाफीची दुसरी बाजूही बघा. ब्रिटनमधली मोफत सरकारी आरोग्यसेवा इथं नाही, डॉक्टरचे पैसे खिशातून द्यायचे. शाळा एकच. पुढच्या शिक्षणाला पोरं गर्न्सीला नाहीतर इंग्लंडला जातात. जर्सीहून आलेल्या मूळ कुटुंबांची सेरक्ये ही नॉर्मन बोली होती. आज ती बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिलेत. २०१८ मध्ये विजेचा दर युनिटला ६६ पेन्स होता, म्हणजे साठेक रुपये. दर कमी करायचा आदेश निघाल्यावर वीज कंपनीनं पुरवठाच बंद करायचा इशारा दिला. पाचशे माणसं आणि वीज देणारी एकच कंपनी. शेवटच्या घटकेला तडजोड झाली म्हणून दिवे राहिले.

राजकारणालाही माणसं पुरेनात. चीफ प्लीजचं काम बिनपगारी. समित्या, बैठका, बंदर, कचरा, शाळा, सगळं त्याच लोकांनी बघायचं आणि आपलं हॉटेल किंवा शेतही सांभाळायचं. मतदानाचा हक्क मिळवायला एवढी वर्षं गेली, आणि नंतरच्या काही निवडणुकांत जागांपेक्षा उमेदवारच कमी निघाले. मतदानच झालं नाही. शेवटी २८ चे १८ सभासद करावे लागले. राणीनं मागितली होती ४० माणसं, बंदूक धरणारी. आता १८ हवी असतात, फायली वाचणारी.

जायचं असेल तर गर्न्सीच्या सेंट पीटर पोर्ट बंदरातून बोट मिळते, पाऊण-एक तास लागतो. उन्हाळ्यात फेऱ्या भरपूर, हिवाळ्यात कमी, आणि समुद्र खवळला तर तीही नाही. बंदरावरून वर गावात जायला ट्रॅक्टरला जोडलेला डबा असतो. मुक्काम करणार असाल तर बॅगेत टॉर्च टाका. सूर्य मावळल्यावर हॉटेलपर्यंतचा रस्ता तुमचा तुम्हालाच शोधावा लागतो.