बाळंतपण खाऱ्या पाण्यात

एखाद्या प्राण्याला नाव मिळणे आणि त्याचे जगणे कळणे यांत शतकांचे अंतर पडू शकते. दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या नद्यांतली महाकाय कोळंबी हे त्याचे बोलके उदाहरण. अंबोन बेटावर आयुष्य घालवलेल्या रुम्फियसच्या १७०५ साली छापलेल्या ग्रंथात तिचे ओळखू येणारे चित्र आहे. १८७९ साली डच प्राणिशास्त्रज्ञ दे मान याने तिला ‘रोझेनबर्गी’ हे नाव दिले. पण तिची पिल्ले जगतात कशी, हे कोडे पुढेही सुटले नाही.

प्राणिशास्त्राचे रीतसर शिक्षण माझ्यापाशी नाही. मी या कोड्याकडे आलो तो इतिहासाच्या वाटेने. मला प्रश्न पडला, की बाजारात रोज विकला जाणारा प्राणी इतका अनोळखी का राहिला?

त्यातला अर्धा भाग तर डोळ्यांना दिसणारा होता. मादी कात टाकते आणि तिचे अंग मऊ असते, तेव्हाच मीलन होते. मग ती हजारो अंडी पोटाखाली चिकटवून वागवते. नारिंगी अंडी हळूहळू राखाडी होतात आणि सुमारे तीन आठवड्यांत फुटतात. पुढचे मात्र कळत नव्हते. टाकीतल्या गोड्या पाण्यात पिल्ले काही दिवसांतच मरून जात.

मलायातल्या पेनांग इथे शाओ-वेन लिंग यांनी १९६१ साली याचे उत्तर शोधले. नाना प्रकारचे खाद्य देऊन थकल्यावर त्यांनी टाकीत सोया सॉस टाकला आणि पिल्ले तगली, अशी गोष्ट सांगितली जाते. तारक ठरले ते सॉसमधले मीठ. या पिल्लांना समुद्राच्या साधारण एक तृतीयांश खारटपणाचे, म्हणजे खाडीचे पाणी लागते. तिथे अकरा अवस्था पार केल्यावर ती तळाशी बसतात आणि नदीने वर चालू लागतात. आपल्याकडे लेक बाळंतपणाला माहेरी येते, तशी मादी खाडीकडे उतरते. लिंग यांच्या या शोधावरच पुढे या कोळंबीची जगभरची शेती उभी राहिली.

शोध लागला, पण नदीकडे पाहण्याची आपली नजर तीच राहिली. केरळात या कोळंबीला ‘आट्टुकोंजु’, म्हणजे नदीतली कोळंबी, म्हणतात. तिथे कुट्टनाडची भातशेती खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी १९७०च्या दशकात वेंबनाड सरोवरावर तण्णीरमुक्कमचा बंधारा झाला. पावसाळा सरला की त्याची दारे बंद होतात. खाडीत वाढलेली पिल्ले वर परतू पाहतात तेव्हा वाट अडलेली असते. या कोळंबीची मासेमारी तिथे खालावली, त्याच्या कारणांत हा बंधारा आवर्जून सांगितला जातो.

शेतकऱ्याची गरज खोटी नव्हती. पण बंधारा बांधणाऱ्यांच्या हिशोबात खारे पाणी केवळ शत्रू होते. गोड्या नदीतला एक जीव त्याच पाण्यावर वाढतो, हे तेव्हा ठाऊक झालेले होते. ते ज्ञान हॅचरीच्या टाकीपर्यंत पोचले. बंधाऱ्याच्या दारापर्यंत नाही.