पानिपतचा खुर्दा

एखाद्या घराची पुरती धूळधाण झाली की आपण सहज म्हणतो, 'त्यांचे पानिपत झाले.' मराठे हरले अशा लढाया काही थोड्या नाहीत. पण बायकांच्या बोलण्यात रुतून बसली ती ही एकच. असे का व्हावे?

पराभव मोठा होता, एवढे उत्तर पुरत नाही. कारण राज्य काही बुडाले नाही. १० ऑगस्ट १७६३ रोजी आपल्याच जिल्ह्यात, गोदाकाठच्या राक्षसभुवनाला, कोवळ्या वयाच्या माधवराव पेशव्यांनी निजामाचा मोड केला. १७७१ मध्ये महादजी शिंदे पुन्हा दिल्लीत होते. नारायणगडाहून राक्षसभुवनाला शनीच्या दर्शनास जाणाऱ्या आपणांपैकी कितीजणींना तो विजय आठवतो? पानिपत मात्र सर्वांना ठाऊक!

सदाशिवरावभाऊंची फौज १७६० च्या मार्चात परतूरहून, म्हणजे आपल्या मराठवाड्यातूनच, उत्तरेस निघाली. बरोबर नुसते शिपाई नव्हते. बायका होत्या, नोकरचाकर होते, आणि फौजेच्या सोबतीने तीर्थे घडतील म्हणून निघालेले यात्रेकरू होते. इतिहासाच्या पुस्तकांत यांना 'बुणगे' म्हणतात. हा शब्द मला टोचतो. आपण दिंडीच्या आधाराने वारीला निघतो, तशीच ती माणसे निघाली होती. अब्दालीने पानिपतावर रसद तोडली. दोन-अडीच महिने सारा तळ कोंडला गेला. अखेर १४ जानेवारी १७६१ रोजी, पौष शुद्ध अष्टमीस, फौज उपाशीपोटी लढली आणि तिसऱ्या प्रहरानंतर सारे मोडले. कित्येक बायका कैद होऊन गेल्या. जे निसटले त्यांना भरतपूरच्या सुरजमल जाटाने अन्नवस्त्र दिले.

नानासाहेब पेशव्यांना ही वार्ता सावकारी पत्रातून कळली. मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये-खुर्द्याची तर गणतीच नाही, अशा अर्थाचा तो सांकेतिक मजकूर होता. मोती म्हणजे भाऊ व विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. आणि खुर्दा? ती घराघरांतली माणसे.

मोत्यांचा तरी शोध झाला. भाऊंचे शव मिळाल्याचे पुण्यास कळले, तरी रणातून परतलेल्या पार्वतीबाईंनी ते मानले नाही. सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. पुढे भाऊ म्हणवणारा एक तोतया उभा राहिला, त्याच्याभोवती हजारो लोक जमले, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. ते सारेच लोक भोळे होते असे मला वाटत नाही. भाऊ परतले, तर आपलाही माणूस परतेल, अशी आशा कितीकांना असेल! पार्वतीबाई १७८३ मध्ये वारल्या, तोवर त्यांचे कुंकू कायम होते.

त्या पेशव्यांच्या घरच्या, म्हणून त्यांचे नाव राहिले. खुर्द्यातल्या घरी नवरा रणात पडला, वाटेत थंडीने गेला, की कैदेत जिवंत आहे, हे कोण सांगणार? कुंकू लावावे की पुसावे? तिथी ठाऊक नसलेल्यांचे श्राद्ध आपण सर्वपित्रीला घालतो. किती घरांनी ते किती वर्षे घातले नसेल, वाट पाहत!