अनुमानाच्या कसोटीवर ईश्वर : नैयायिक आणि बौद्ध आचार्यांचा वाद

ईश्वर हा श्रद्धेचा विषय आहे, तर्काचा नव्हे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु भारतीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासात न्यायदर्शनाने याच्या नेमकी उलट भूमिका घेतली. नैयायिकांच्या मते वेद प्रमाण आहेत, कारण ते ईश्वराने रचले. मग ईश्वराचे अस्तित्व केवळ वेदांच्या आधारे मानले तर अन्योन्याश्रयाचा दोष येतो. म्हणून ईश्वर स्वतंत्र अनुमानाने सिद्ध करणे त्यांना भाग पडले. हे आव्हान बौद्ध आचार्यांनी स्वीकारले आणि त्यातून काही शतके चाललेला एक असामान्य वाद निर्माण झाला.

नैयायिकांचे मुख्य अनुमान असे : पृथ्वी, अंकुर इत्यादींना बुद्धिमान कर्ता आहे, कारण ती कार्ये आहेत, जे जे कार्य असते त्याला कर्ता असतो, जसा घटाला कुंभार. हे अनुमान वरवर निर्दोष वाटते. सामान्य माणूस आजही हाच प्रश्न विचारतो : ‘कोणी केल्यावाचून हे जग झाले कसे?’

सातव्या शतकात आचार्य धर्मकीर्तींनी ‘प्रमाणवार्तिका’त या अनुमानाचे मर्म तपासले. घट पाहून कुंभाराचे अनुमान होते, कारण तशा वस्तू कुंभार घडवितो हे आपण पाहिलेले असते. पण केवळ ‘मातीचा आकार’ एवढ्याच साम्यावरून अनुमान करू लागलो, तर वारूळही कुंभारानेच केले असे म्हणावे लागेल. ‘कार्य’ हा शब्द दोन्हींना लागू पडतो, एवढ्याने वस्तूंचा कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. शिवाय जो नित्य आणि अविकारी आहे, तो आधी अकर्ता आणि नंतर कर्ता कसा होईल, असाही प्रश्न त्यांनी उपस्थित केला.

आठव्या शतकात आचार्य शांतरक्षितांनी ‘तत्त्वसंग्रहा’त ‘ईश्वरपरीक्षा’ हे स्वतंत्र प्रकरणच लिहिले. प्रासाद, गोपुरे, जिने यांचा दृष्टान्त घ्यायचा, तर ती अनेक कारागिरांची निर्मिती असते आणि त्या कारागिरांचे ज्ञानही अनित्य असते. अशा दृष्टान्तावरून एकच, नित्य आणि सर्वज्ञ कर्ता कसा सिद्ध होणार?

प्रतिपक्षही दुबळा नव्हता. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथ ईश्वरसिद्धीसाठीच रचला. ईश्वराविषयीचा तर्कविचार हीच त्याची उपासना होय, असे ते मानत. ईश्वर दिसत नाही म्हणून तो नाही, या आक्षेपाला त्यांनी मार्मिक उत्तर दिले. जी वस्तू दिसण्यास योग्य आहे तीच न दिसल्यास तिचा अभाव सिद्ध होतो. जी मुळातच अदृश्य आहे तिचे न दिसणे काहीच सिद्ध करीत नाही. हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

अशा भूमिकेची खरी परीक्षा अकराव्या शतकात विक्रमशिला महाविहाराचे आचार्य रत्नकीर्ती यांच्या ‘ईश्वरसाधनदूषण’ या ग्रंथात आढळते. अनुमान व्याप्तीवर उभे असते. व्याप्ती कळण्यासाठी ‘कर्ता असताना कार्य होते’ एवढे पाहणे पुरेसे नाही. ‘कर्ता नसताना कार्य होत नाही’ हेही कळावे लागते. परंतु कर्ता जर मुळातच अदृश्य असेल, तर तो अमुक ठिकाणी नाही हे कशावरून ठरवायचे? ते ठरत नसेल, तर व्याप्तीच कळत नाही. ज्या अदृश्यतेने ईश्वराला खंडनापासून वाचविले, तीच त्याच्या सिद्धीच्या आड आली.

पुढे विक्रमशिला उद्ध्वस्त झाले आणि भारतात या वादाचा एक पक्ष अबोल झाला. राहुल सांकृत्यायन यांनी १९३० च्या दशकात तिबेटातील विहारांमधून अशा पोथ्यांचा शोध घेतला. त्यानंतर १९५७ मध्ये पाटण्याच्या काशीप्रसाद जयस्वाल संशोधन संस्थेने रत्नकीर्तींचे निबंध प्रकाशित केले. एक गोष्ट मात्र लक्षणीय आहे. ईश्वरभक्त रामानुजाचार्यांनीही ‘श्रीभाष्या’त ईश्वर अनुमानाने सिद्ध होत नाही, तो शास्त्रावरूनच जाणावा, असे प्रतिपादन केले. म्हणजे श्रद्धेच्या बाजूनेही तर्काचा तो मार्ग नाकारला गेला.

भगवान बुद्धांनी कालामांना उपदेश करताना परंपरा आणि ग्रंथ यांच्याबरोबरच केवळ तर्कावरही विसंबू नका, असे सांगितले होते. आपली निगमने अनुभवाने आणि हिताहिताने तपासून पाहिली पाहिजेत, हा त्याचा आशय होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ईश्वर नुसता नाकारला नाही, तर त्याची कारणे दिली. ईश्वरावरील विश्वासातून प्रार्थना, प्रार्थनेतून पुरोहित आणि पुरोहितातून सम्यक् दृष्टीचा नाश, ही साखळी त्यांनी दाखवून दिली.

न्यायशास्त्रात ‘प्रतिज्ञा’ हा अनुमानाचा केवळ पहिला अवयव असतो. हेतू आणि उदाहरण तिच्यामागून यावे लागतात. ईश्वर न मानण्याची प्रतिज्ञा आपण केली आहे. तिचा हेतू आपल्याला सांगता येत नसेल, तर तीही एक श्रद्धाच होऊन बसेल. ज्या आचार्यांनी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वोत्तम रूपात मांडून मग त्याचे परीक्षण केले, त्यांचा वारसा सांगणाऱ्यांना हे शोभणारे नाही. विहारात मुलांना प्रतिज्ञा शिकविताना तिचा हेतूही शिकविणे, हे आपले कर्तव्य आहे.