वास्तू आणि वस्तू : मुंबईतील अभिकल्प-शिक्षणाचा मागोवा

आंतरविद्याशाखीय पदव्युत्तर शिक्षण, म्हणजे पदवीसाठी शिकलेल्या विद्येला इतर विद्यांची जोड देऊन एकाच प्रश्नाचा अनेक अंगांनी अभ्यास करणे, ही कल्पना वास्तुकला आणि अभिकल्प, म्हणजेच डिझाइन, या क्षेत्रांत सर्वस्वी अलीकडची मानली जाते. मुंबईच्या कलाशिक्षणाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. येथे या विद्या प्रथम एकत्र नांदत होत्या, त्यांची वाटणी पुढे झाली, आणि ही वाटणी ज्या कारणांनी झाली त्यांत ज्ञानाच्या गरजेपेक्षा नोकरीच्या आणि व्यवसायाच्या गरजाच प्रबळ होत्या.

सर जमशेटजी जीजीभाई यांनी 1853 मध्ये देऊ केलेल्या एक लाख रुपयांतून मुंबईचे कलाविद्यालय उभे राहिले आणि 1857 मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत त्याचे वर्ग सुरू झाले. प्रारंभीचे शिक्षण मुख्यतः रेखनाचे होते. 1865 मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक इंग्लंडहून आले, आणि त्याच सुमारास विद्यालयात वास्तुशिल्प, सजावटी चित्रकला आणि धातुकाम अशा कार्यशाळा चालू झाल्या. वास्तुशिल्प म्हणजे इमारतीचाच भाग असलेले शिल्प. ते इमारतीच्या रचनेशी इतके बांधलेले असते की भिंतीची जाडी, दगडाचा थर आणि प्रकाशाची दिशा समजल्याखेरीज ते घडवताच येत नाही. या शिक्षणाचा सर्वांत मोठा पुरावा बोरीबंदरला उभा आहे. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी योजलेल्या आणि 1878 ते 1888 या काळात बांधल्या गेलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसमधील, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधील, लाकडी कोरीवकाम, फरश्या, लोखंडी व पितळी कठडे आणि तिकीटघराच्या जाळ्या यांत या विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचे हात आहेत. जिन्याचा कठडा घडवणारा विद्यार्थी वास्तुकला शिकत होता की वस्तूंचा अभिकल्प, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडण्याचे कारणच नव्हते.

वास्तुकलेचा स्वतंत्र अभ्यासक्रम मात्र याच कार्यशाळांतून उमललेला नाही. सरकारी बांधकामांना आरेखकांची, म्हणजे इमारतीचे नकाशे अचूक काढणाऱ्या माणसांची, गरज होती आणि त्यांच्यासाठी काढलेल्या वर्गांतून तो वाढला. 1908 मध्ये जॉन बेग यांनी चार वर्षांचा क्रमबद्ध पाठ्यक्रम आखला आणि 1913 मध्ये रॉबर्ट केबल हे वास्तुकलेचे पहिले प्राध्यापक झाले. 1917 मध्ये माजी विद्यार्थ्यांची जी संघटना निघाली तिचे रूपांतर होत होत 1929 मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स ही देशव्यापी संस्था अस्तित्वात आली. व्यवसायाला मान्यता मिळवायची तर त्याच्या सीमा आखाव्या लागतात, आणि सीमा आखल्या की शेजारची विद्या परकी होते. या काळात मुंबईत नेमके हेच घडले. 1923 पासून सुमारे दोन दशके अध्यापन करणारे क्लॉड बॅटली यांनी विद्यार्थ्यांकडून जुन्या भारतीय इमारतींची मापनचित्रे, म्हणजे प्रत्यक्ष मोजमाप घेऊन काढलेली प्रमाणबद्ध चित्रे, करून घेतली. स्तंभ, कमानी आणि छज्जे मोजताना विद्यार्थ्याला कारागिराच्या विचारापर्यंत जावे लागे, आणि म्हणूनच कार्यशाळेशी तुटत चाललेले नाते जपणारे शिक्षक म्हणून बॅटलींचे महत्त्व मोठे आहे. तरीही वाटणी थांबली नाही. 1935 मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग निघाला, 1952 मध्ये वास्तुकलेचे शिक्षण मुंबई विद्यापीठाशी जोडले गेले आणि 1958 मध्ये वास्तुकला व उपयोजित कला यांच्या स्वतंत्र संस्था त्याच आवारात उभ्या राहिल्या.

तुटलेले धागे पदव्युत्तर पातळीवर पुन्हा जोडण्याचे प्रयत्न याच दशकांत परदेशात चालू होते. हार्वर्ड विद्यापीठाने 1936 मध्ये वास्तुकला, भूदृश्यरचना आणि नगररचना या तीन शाळा एकत्र करून अभिकल्पाची एकच पदव्युत्तर शाळा स्थापन केली, आणि पुढच्याच वर्षी बाउहाउस या जर्मन अभिकल्प-शाळेचे संस्थापक वाल्टर ग्रोपियस तेथे शिकवू लागले. कोकणातील आचरा गावी जन्मलेले आणि मुंबईत वास्तुकला शिकलेले अच्युत कानविंदे 1940 च्या दशकात या शाळेत ग्रोपियस यांचे विद्यार्थी होते. पुढे त्यांनी कानपूरच्या आयआयटीचे संकुल रचले. छायेतून जाणारे पादचारी मार्ग, इमारतींमधील अंतर आणि वारा यांचा विचार तेथे एकाच आराखड्यात झालेला दिसतो. एकत्रित शिक्षणाचे फळ कसे असते, याचे याहून चांगले भारतीय उदाहरण सहज सापडणार नाही.

दुसरी वाट जर्मनीतील उल्मची होती. 1953 ते 1968 या काळात चाललेल्या तेथील अभिकल्प विद्यालयात औद्योगिक बांधकाम हा वस्तू-अभिकल्प आणि दृश्य संप्रेषण यांच्या बरोबरीचा विभाग होता, म्हणजे घर हीसुद्धा कारखान्यात घडू शकणारी वस्तू मानली जात होती. मुंबईच्या कलाविद्यालयाचे विद्यार्थी सुधाकर नाडकर्णी उल्मला शिकले आणि परतल्यावर पवईच्या आयआयटीत 1969 मध्ये निघालेल्या औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या जडणघडणीत त्यांनी मोठा वाटा उचलला. या केंद्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात अभियंते आणि वास्तुविशारद एकाच वर्गात शिकत. यंत्राचे गणित जाणणारा आणि माणसाच्या वावराची जागा जाणणारा असे दोघे एकाच मेजावर बसवणे, हा या केंद्राचा खरा शैक्षणिक धाडसीपणा होता. पुढे मूळचे उपयोजित कलेचे र. कृ. जोशी येथे अध्यापक झाले आणि देवनागरी अक्षररचनेचे महत्त्वाचे काम येथे घडले.

1972 च्या वास्तुविशारद कायद्याने व्यवसायाची सीमा कायद्याने पक्की केली आणि अशा मिश्र पदव्यांना व्यवसायाच्या चौकटीत नेमके कोठे बसवावे, हा प्रश्न अधिकच बिकट झाला. तो केवळ नव्या पदव्या काढून सुटणारा नाही. ज्या कार्यशाळेत दगड, लोखंड आणि रंग एकत्र हाताळले जात होते, तिला अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी परत आणावे लागेल. निदान नावापुरती तरी ही जोड आता दिसते: 2023 मध्ये मुंबईच्या याच कलाविद्यालयाला, म्हणजे सर ज. जी. विद्यालयाला, अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि त्याच्या नव्या नावात कला, वास्तुकला व अभिकल्प हे तिन्ही शब्द एकत्र आले आहेत.